कोपरातला दुसरा सांधा

मुलांनो, आज तुम्हांला एक चूक सांगणार आहे. चूक माझीच आहे. बाईंची चूक! टवकारले ना लगेच कान? टवकारा, टवकारा. पण शेवटपर्यंत वाचा हं. कारण तीच चूक उद्या तुमच्याही हातून होऊ शकते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले होते. सुट्टी लागण्याच्या आधीच वर्गात सांध्यांचा धडा झाला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खांदा – उखळीचा सांधा. कोपर – बिजागरीचा सांधा.’ मुलांकडून दहादहा वेळा म्हणून घेतलं होतं. चाचणीत बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण! मुलं खूश, मीही खूश.

माहेरी माझी भाची होती, अडीच वर्षांची. एका संध्याकाळी मी आणि माझा भाऊ तिला घेऊन आठवडी बाजारातून चालत घरी येत होतो. तिचा एक हात माझ्या हातात, दुसरा तिच्या बाबांच्या हातात. मग काय, आमचा खेळ सुरू झाला. ‘एक... दोन... तीन... हुप्प!’ की दोघांनी तिचे हात वर ओढायचे आणि ती हवेत! खाली टेकली की लगेच म्हणायची, “पुन्ना!”

पाचव्या की सहाव्या ‘हुप्प’ला ती किंचाळली.

ती पडली नव्हती. कुठे खरचटलं नव्हतं, सूज नव्हती. पण तिचा उजवा हात अंगाशी लोंबत राहिला. त्याला हात लावू देईना. घरी आल्यावर पुढे बिस्किट धरलं तर ते डाव्या हाताने घेतलं. उजवा हात जणू तिचा नव्हताच.

माझी आई म्हणाली, “लचक भरली असेल. तेल कोमट करून चोळ आणि जरा ओढून बघ. बसेल जागेवर.”

खरं सांगते, मी तेलाची वाटी हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात वहिनी म्हणाली, “वन्सं, थांबा. ओढूनच झालंय ना हे? आता परत नका ओढू.”

आम्ही तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, “पडली का?” आम्ही म्हटलं, “नाही.” मग त्यांनी विचारलं, “हात धरून वर उचललं होतं का?” मी खाली बघितलं. डॉक्टरांनी एका हाताने तिच्या कोपराला आधार दिला आणि दुसऱ्या हाताने तिचा तळहात हळूच फिरवून हात कोपरात दुमडला. बारीकसं ‘टक्’ झालं. ती एकदा मोठ्याने रडली. आणि दहा मिनिटांनी फुगा घ्यायला तिने हात पुढे केला. उजवा!

मी विचारलं, “डॉक्टर, कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा ना? मग दार असं बिजागरीतून निसटतं का?”

ते हसले. म्हणाले, “बाई, तुम्ही शिकवता ते खरं आहे. पण अर्धं आहे. कोपरात एकच सांधा नाही.”

ते ‘अर्धं’ मला फार लागलं. सुट्टी संपायच्या आत मी सांध्यांचा धडा स्वतःसाठी नव्याने शिकले. तो आज तुमच्यासाठी. आणि कोपराचं उरलेलं अर्धं? ते येईलच पुढे.

दोन हाडं भेटतात तिथे

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. ती एकमेकांना जिथे भेटतात त्या जागेला सांधा म्हणतात. आता सांधा म्हटलं की आपल्याला हलणारी जागा आठवते: गुडघा, कोपर, खांदा. पण सगळे सांधे हलत नाहीत बरं का! सांध्यांची वाटणी करताना दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, हा सांधा किती हलतो? दुसरा प्रश्न, दोन हाडांच्या मध्ये काय भरलं आहे?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं तीन: अजिबात न हलणारे ते अचल सांधे, थोडे हलणारे ते अल्पचल सांधे, मोकळेपणी हलणारे ते चल सांधे.

दुसऱ्या प्रश्नाचीही उत्तरं तीनच. मध्ये चिवट तंतू असतात, किंवा कूर्चा असते, किंवा वंगणाने भरलेली पोकळी असते. कूर्चा म्हणजे काय? स्वतःचा कान दुमडून बघा. हाडापेक्षा मऊ, मांसापेक्षा कडक, सोडला की परत सरळ. ती कूर्चा.

शिवण घातलेले सांधे

डोक्यावरून हात फिरवा. आतली कवटी अखंड वाटीसारखी लागते ना? पण मेंदूभोवतीची ही पेटी ८ हाडांची मिळून झालेली आहे. ही हाडं दातेरी कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात. मध्ये तंतूंचा पातळ थर. गोधडीचे तुकडे जोडल्यावर नागमोडी शिवण दिसावी, अगदी तशी रेघ तिथे दिसते. हे अचल सांधे.

घरात तान्हं बाळ असेल तर आजी त्याची टाळू तेलाने भरते, ते पाहिलंय? ती टाळू म्हणजे कवटीच्या हाडांच्या मधली मोकळी जागा. जन्माच्या वेळी ही हाडं एकमेकांवर थोडी सरकू शकतात, म्हणून बाळाचं डोकं बाहेर येऊ शकतं. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही जागा मिळते. पुढची मोठी टाळू साधारण दीड ते दोन वर्षांपर्यंत भरून येते. म्हणून बाळाच्या टाळूवर कुणी जोराने दाबायचं नाही.

आणखी एक अचल सांधा तुमच्या तोंडात आहे. दात! दात हे हाड नव्हे, पण जबड्याच्या हाडातल्या खाचेत तो तंतूंनी घट्ट धरलेला असतो. त्या जोडालाही सांध्यांतच मोजतात. दुधाचा दात पडतो तेव्हा तुमचा एक सांधा सुटतो म्हणायचा!

उंची देणारे सांधे

आता मणके. तुमच्या पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले मणके आहेत. मान, पाठ आणि कंबर मिळून सुटे मणके २४. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक गादी असते. ही गादी दबते, वाकते आणि परत जागेवर येते. दोन मणके एकमेकांवर अगदी थोडेच हलतात. पण अशा कितीतरी थोड्याथोड्या हालचाली एकत्र आल्या की तुम्ही वाकून पायाचे अंगठे धरू शकता. हे अल्पचल सांधे.

एक प्रयोग करा. सकाळी उठल्याउठल्या भिंतीला टेकून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी उंचीची खूण करायला सांगा. रात्री झोपण्याआधी पुन्हा खूण करा. रात्रीची खूण थोडी खाली आली असेल, सुमारे १ सेंटिमीटर. घाबरू नका! दिवसभर उभं राहून आणि बसून गाद्यांतलं थोडं पाणी बाहेर पडतं. रात्री आडवं झालं की ते परत शोषलं जातं. सकाळी तुमची उंची तुम्हांला परत!

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तुमच्या हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळही कूर्चेची एकेक पट्टी असते. ती अजिबात हलत नाही. म्हणजे मध्ये कूर्चा असूनही हा सांधा अचल! म्हणूनच तर दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. या पट्टीतच नवं हाड तयार होतं आणि तुम्ही उंच होता. साधारण १४ ते १८ वर्षांच्या दरम्यान बहुतेक पट्ट्यांचं हाड होऊन जातं आणि उंची वाढणं थांबतं. आईबाबांकडे या पट्ट्या नाहीत. तुमच्याकडे आहेत. म्हणून तुमच्या मनगटाला किंवा घोट्याला जोराचा मार बसला तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून चालवून घ्यायचं नाही. मार या पट्टीलाच बसलेला असू शकतो.

वंगण घातलेले सांधे

आता आले चल सांधे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते ठाऊक आहे ना? तशीच सोय इथे आहे. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर. त्याभोवती एक पिशवी. पिशवीत बुळबुळीत द्रव. गुडघा केवढा मोठा सांधा, पण निरोगी गुडघ्यात हा द्रव चहाचा एक चमचाभरही नसतो! बाहेरून हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा हे पट्टे ताणले जातात, कधी फाटतातही.

बोटं मोडताना ‘कट्’ आवाज येतो, तो हाडांचा नाही. बोट ओढलं की सांध्यातल्या पोकळीवरचा दाब कमी होतो आणि द्रवात विरघळलेला वायू बाहेर येऊन एक फुगा तयार होतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय यंत्राखाली बोट ओढून हा क्षण टिपला. आणि अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी तर कमालच केली. पन्नास वर्षं त्यांनी फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची नाही. १९९८ मध्ये त्यांनी लिहून कळवलं, की संधिवात दोन्हीपैकी एकाही हाताला झालेला नाही! एका माणसाच्या प्रयोगावरून सगळं सिद्ध होत नाही, पण चिकाटी बघा.

कोण कसा वळतो?

चल सांधे कुठल्या दिशेला वळतात, त्यावरून त्यांचे सहा प्रकार करतात. आता जागेवरून उठा. हे बसून वाचायचं नाही, करून बघायचं.

हात सरळ ठेवून खांद्यातून गोल फिरवा. सगळीकडे फिरतो! दंडाच्या हाडाचं टोक चेंडूसारखं गोल आहे आणि ते उखळीत बसलं आहे. हा उखळीचा सांधा. असाच दुसरा खुब्यात आहे. पण खुब्याची उखळ वाटीसारखी खोल, खांद्याची बशीसारखी उथळ. म्हणून पाय हाताइतका फिरत नाही. पण मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यांत जास्त निखळतो तो खांदाच. जास्त मोकळीक हवी, तर पकड थोडी सैल होणारच.

बोटाची पेरं दुमडा आणि उघडा. एकाच दिशेला हलतात, दारासारखी. हा बिजागरीचा सांधा. घोटाही साधारण असाच. गुडघा मुख्यतः बिजागरीचाच, पण वाकवल्यावर तो थोडासा वळूही शकतो.

आता मान हलवून ‘नाही’ म्हणा. मानेचा पहिला मणका कड्यासारखा आहे. दुसऱ्या मणक्यावर हाडाचा एक सुळका उभा आहे. त्या सुळक्याभोवती कडं फिरतं. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते ना, तसंच. हा खिळीचा सांधा. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम हा एकटा करतो.

अंगठा तळहातावर दुमडून ठेवा आणि आता सदऱ्याची गुंडी लावा. फजिती झाली ना? अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडं एकमेकांवर अशी बसली आहेत, जसा स्वार खोगिरावर. हा खोगीर सांधा. त्याच्यामुळे अंगठा इतर चारही बोटांच्या समोर येतो. पेन धरणं, सुई ओवणं, वेणी घालणं, सगळं त्याच्या जिवावर.

मनगट वर-खाली हलवा, मग डावीकडे-उजवीकडे. दोन्ही जमतं. इथे लांबट गोल टोक लांबट गोल खाचेत बसलं आहे. हा लंबगोल सांधा. आणि मनगटाच्या आत ८ लहान हाडं आहेत. ती खडेमिठाच्या पिशवीतल्या खड्यांसारखी एकमेकांवर जराजरा घसरतात. तो सरकता सांधा. झाले सहा.

ही वाटणी फक्त आजची नाही बरं का. आपल्या प्राचीन सुश्रुतसंहितेतही सांध्यांचे हलणारे आणि स्थिर असे दोन भाग केले आहेत. एकूण सांधे २१० मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचं नाव ‘उलूखल’. म्हणजे काय? उखळच! काख आणि मांडीचा सांधा त्यात घातला आहे. कवटीच्या सांध्याचं नाव ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण. आणि गंमत अशी, की आज डॉक्टर कवटीच्या या सांध्याला ‘सूचर’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचाही अर्थ शिवण! लांबलांबच्या देशांतल्या माणसांना तीच नागमोडी रेघ बघून सुईदोराच आठवला.

आणि आता उरलेलं अर्धं

उजवं कोपर काटकोनात दुमडून टेबलावर टेकवा. डाव्या हाताची बोटं कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर ठेवा. मग ती बोटभर मनगटाकडे सरकवा. आता उजवा तळहात आकाशाकडे करा, मग जमिनीकडे. पुन्हा आकाशाकडे. बोटांखाली काहीतरी गोल फिरतंय ना?

तोच कोपरातला दुसरा सांधा!

कोपरात दोन नाही, तीन हाडं भेटतात. एक दंडाचं. बाकीची दोन कोपरापासून मनगटापर्यंतची: एक करंगळीच्या बाजूचं, दुसरं अंगठ्याच्या बाजूचं. करंगळीच्या बाजूचं हाड दंडाच्या हाडाशी मुख्य बिजागरी करतं. आमच्या फळ्यावर होती ती हीच. पण अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं डोकं गोल चकतीसारखं असतं आणि चिवट तंतूंचा एक पट्टा अंगठीसारखा त्याला वेढून असतो. त्या अंगठीत ते डोकं गोल फिरतं. हा खिळीचा सांधा. किल्ली फिरवताना, तव्यावरची पोळी उलटताना, घास तोंडात घालताना हाच तर राबतो.

मोठ्यांमध्ये ही अंगठी घट्ट असते. पण साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये ती अजून नाजूक असते. अशा मुलाचा सरळ हात मनगटाला धरून जोराने ओढला, की हाडाचं डोकं अंगठीतून थोडं निसटतं आणि अंगठीची कड सांध्यात अडकते. ही अंगठी फिरण्यासाठी आहे, अख्ख्या मुलाचं वजन पेलण्यासाठी नाही. आणि मी माझ्या भाचीचं सगळं वजन तिच्यावर टाकलं होतं. तेही हसत हसत, लाडाने.

म्हणजे सांध्याचं नाव पाठ करणं पुरत नाही. तो कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे कळलं तर त्या नावाचा उपयोग. मला नाव येत होतं. वहिनीला नाव येत नव्हतं, पण ‘परत ओढू नका’ एवढं तिला कळत होतं. त्या दिवशी शहाणी कोण ठरली, ते तुम्हीच सांगा.

आता तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

पहिली. लहान भावंडाला हात धरून उचलू नका, झुलवू नका, रस्त्यात हिसका देऊन ओढू नका. उचलायचं तर दोन्ही हात त्याच्या काखेत घालून उचला.

दुसरी. लहान मूल एकाएकी एक हात वापरेनासं झालं, तर चोळू नका, ओढू नका, डॉक्टरांनी केलं तसं घरी करून बघू नका. असाच दिसणारा हात कधी मोडलेलाही असतो. हात आहे तसा ठेवून डॉक्टरांकडे न्या. आणि ओढलं असेल तर खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा. मी खाली बघितलं, ते त्या डॉक्टरांना कळलं म्हणून बरं!

तिसरी. खेळताना कुणाचा सांधा दुखावला आणि वाकडा दिसला, फार सुजला किंवा हलवता येईना, तर तो सरळ करायला जाऊ नका. हाताला रुमालाची झोळी बांधा, पाय असेल तर त्यावर उभं राहू देऊ नका. लगेच मोठ्या माणसाला बोलवा. इजा मोठी असेल तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

माझी भाची आता पहिलीत आहे. उजव्या हाताने मोठीमोठी वाकडी अक्षरं काढते आणि मला पत्र लिहिते. तिला त्या संध्याकाळचं काही आठवत नाही. मला आठवतं. म्हणून आता धडा आला की मी फळ्यावर ‘कोपर’ लिहिते आणि पुढची जागा मोकळी सोडते. मग मुलांना सांगते, “आधी हात दुमडा. मग तळहात फिरवा. आणि मगच सांगा, इथे सांधे किती?”